डावीकडे कललेला घोडेस्वार

इबादान
१४ जानेवारी १९७३

प्रिय इबिदुनताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. कोरड्या वाऱ्याच्या दिवसांचा नमस्कार, बाजारातल्या कष्टांचा नमस्कार, आणि एकटीने आपलं घर राखतेस त्याचाही. ओठ फुटले असतील तर शियाचं लोणी लावत जा. दरवर्षी म्हणायचीस लावीन, आणि दरवर्षी बोलताना तोंडावर पदर धरायचीस.

आदुकेला मुलगा झाल्याचं लॉरीवाल्याकडून कळलं. आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवताना मामा हजर असायला हवा होता. मी नव्हतो. इतक्या वर्षांत मी कशालाच नव्हतो. कामं होती असं दरवेळी कळवत आलो, आणि तू दरवेळी ते खरं मानलंस.

कामं खरंच आहेत. सध्या एका चर्चचा दरवाजा कोरतोय. शिवाय शहरातले लोक मूर्ती घेऊन जातात आणि भिंतीला टांगतात. तिला कुणी तेल लावत नाही, तिच्यापुढे कुणी गात नाही, कुठली बाई मूल मागायला तिच्याकडे येत नाही. मूर्ती नुसती दिसते. परवा विद्यापीठातली एक मुलगी मला विचारत होती, "काका, तुमच्या माणसांची डोकी एवढी मोठी का?" मी म्हटलं, "माणूस नशीब घेऊन येतो ते डोक्यात. ते लहान कसं कोरू?" मग म्हणाली, "आणि सगळे तरुणच का? म्हातारा एकही नाही." मी म्हटलं, "आम्ही माणूस भर उमेदीतला कोरतो. तसाच तो लक्षात राहायला हवा." ती वहीत लिहून निघून गेली आणि मी वाकस हातात धरून बसून राहिलो. ताई, माझ्या डोळ्यांपुढे तू अजून एकतीस वर्षांचीच आहेस. अंगणात उभी राहून यामचे कंद कुटतेयस, उखळीचा आवाज मला पडवीत ऐकू येतोय, आणि तू ओरडतेयस, "ओनावुमी, लाकूड कुठे पळून जात नाही, आधी जेव."

इथे कुणी मला जेव म्हणून ओरडत नाही. बायको वाढून ठेवते आणि जाते, चांगली आहे ती. मुलं विचारतात, आपलं गाव कसं आहे. मी सांगतो, टेकडीवर आहे. मग वाकस उचलतो.

डिसेंबरात एपाच्या मुखवट्यांचे मानकरी बाबा फाकुनले स्वतः इथवर आले होते. तुला माहीतच असेल. घोडेस्वाराला वाळवी लागली म्हणाले, येत्या सणाला नवा हवा. "आपल्या गावचा हात असताना परक्याकडे कशाला जायचं?" असं म्हणून त्यांनी कामाच्या मानाचा कोलाचा दाणा पुढे केला. वडीलधाऱ्यांचा कोला नाकारता येत नाही. मी घेतला. पण फोडला नाही. तो अजून फळीवर तसाच आहे, सुरकुतलाय.

तुला हे लिहायला तिसऱ्यांदा बसलोय. आधीची दोन पत्रं चुलीत गेली. हे मात्र मी पुरं करणार आहे, कारण हे तुला सांगितल्याशिवाय मला गावच्या झाडाला कुऱ्हाड लावता येणार नाही.

दाजी पडले त्या वर्षीची गोष्ट. म्हातारे ओलोयेदे, ज्यांनी मला काम शिकवलं, ते अंथरुणाला खिळले होते, म्हणून घोडेस्वाराचं काम माझ्याकडे आलं. मी चोवीस वर्षांचा. गावाला वसवणाऱ्या वीराचा मुखवटा, तो घालून नाचणारा तुझा नवरा, आणि करणारा तुझा भाऊ. तू बाजारभर सांगत फिरलीस. म्हाताऱ्यांनी मला अनेकदा बजावलं होतं, "उतारावरचं कललेलं झाड एपाला घेऊ नकोस, त्याचं एका अंगाचं लाकूड जड असतं." सरळ झाड ओढ्यापलीकडे होतं, दोन दिवसांच्या वाटेवर. सण जवळ आला होता. उतारावरचं झाड हाताशी होतं. मी त्याच्यापुढे कोला ठेवला, त्याची माफी मागितली आणि ते पाडलं.

मुखवटा उतरला मात्र सुंदर. तू घोड्याच्या मानेवरून हात फिरवलास तो मला आठवतो. पण खाली ठेवला की तो डावीकडे कलायचा. मला कारण कळत होतं. मी कुणाला बोललो नाही. उजव्या बाजूने बूड थोडं थोडं तासत गेलो, आणि शेवटी तो सरळ उभा राहिला. म्हणजे जमिनीवर उभा राहिला. डोक्यावर तो तसाच ओढणार होता.

रिवाजाप्रमाणे दाजींनी मुखवटा डोक्यावर घेऊन उडी मारली, दोन्ही पाय मातीच्या उंचवट्यावर नीट टेकले. तू पाहिलंस, साऱ्या गावाने पाहिलं. मग मुखवटा त्यांना डावीकडे घेऊन गेला आणि त्यांच्या कमरेवर पडला.

गाव म्हणालं, पाळणूक मोडली. नाचणाऱ्याने सात दिवस बाईपासून दूर राहायचं, हा राहिला नाही. कुणीतरी तेलवाल्या एजिदेचं नाव घेतलं. तेव्हा तू माझ्याकडे आलीस. म्हणालीस, "ते सातही दिवस तुझ्या पडवीत झोपत होते. खरं सांग, मधे उठून कुठे गेले होते का?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक, ताई. मी झोपलेला असायचो."

मी एकदाही झोपलो नव्हतो. मुखवट्याच्या काळजीने मला झोप येत नव्हती. दाजी तिथून हलले नव्हते. ते घोरायचे आणि मी ऐकत पडलेलो असायचो.

अजून एक आहे. मोडलेला घोडा दुरुस्तीला माझ्याकडेच आला. मी नवं मुंडकं बसवलं आणि कुणाला न सांगता आतून डावी बाजू दोन बोटं पोखरली. पुढच्या सणाला दुसऱ्या माणसाने उडी मारली आणि तो खांबासारखा उभा राहिला. बायका गायला लागल्या. तू माझ्या शेजारी होतीस, पण गात नव्हतीस. तू म्हणालीस, "म्हणजे मुखवट्यात खोट नव्हती." आणि त्याच आठवड्यात आदुकेला काखोटीला मारून तू दाजींचं घर सोडलंस आणि आपल्या घरी आलीस. मी तुझी चटई आत नेऊन ठेवली. चार दिवसांनी इबादानची लॉरी धरली.

तू म्हणशील, इतकी वर्षं का बोलला नाही. पहिल्या वर्षी भीती होती. नंतर, सांगितलं तर तू मला घरात घेणार नाहीस अशी धास्ती होती, म्हणून मी स्वतःच घरी आलो नाही. त्यात शहाणपण काय होतं ते मला सांगता येत नाही.

हे पत्र मानकऱ्यांना दाखव, चौकात वाच, हवं ते कर. दाजींना मी काय निरोप पाठवू? मला तोंड नाही.

ताई, मला घरी यायचंय. टेकडीवरच्या सकाळच्या धुराचा वास मला इथे कधी कधी येतो, मग कळतं की तो शेजारच्या बेकरीचा आहे.

तू लिहायला शिकवलंस म्हणून हे लिहू शकलेला,
ओनावुमी


ओके-इरो
९ फेब्रुवारी १९७३

ओनावुमी,

तुझं पत्र बाजारात मिळालं. मी यामच्या ढिगावर बसून वाचलं. मग ढीग शेजारणीच्या हवाली केला आणि तशीच उठून तुझ्या दाजींच्या घरी गेले. पंधरा वर्षांत ती पायरी मी चढले नव्हते. जेवण पाठवत होते. आधी आदुकेच्या हातून, तिचं लग्न झाल्यावर शेजाऱ्यांच्या हातून. स्वतः गेले नव्हते.

ते पडवीत टोपली विणत होते. मला बघून चटईवर थोडे सरकले, जागा केली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "मुखवटा डावीकडे ओढत होता?"

त्यांनी टोपली खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"ज्याने केला त्याने."

"शेवटी सांगितलं म्हणायचं," एवढंच म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, ओनावुमी. पहिल्यांदा डोक्यावर घेतला तेव्हाच कळलं म्हणाले. मी म्हटलं, "मग नाचलात कशाला?"

"पोरगं दोन महिने त्या लाकडाशी झगडत होतं. मी नको म्हटलं असतं तर त्याला पुन्हा कुणी काम दिलं नसतं. मला वाटलं, पेलेन. नाचताना पेललाही. उडीला नाही पेलला."

"आणि नंतर? मला का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलं होतं की मी कुठे गेलो नव्हतो. तू मान फिरवलीस."

"मुखवट्याचं का नाही सांगितलंत?"

त्यांनी टोपली पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "तो सांगेल म्हणून थांबलो. त्याच्या तोंडून यायला हवं होतं. नंतर तो निघून गेला, आणि तू ज्याला पाठीवर बांधून वाढवलंस त्याचं नाव मी घ्यायचं? तुला भाऊ एकच."

मी म्हटलं, "नवराही एकच होता."

मग मला बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, झालं ते झालं, पत्र फाडून टाक. मी ऐकलं नाही. बाबा फाकुनलेंच्या ओसरीवर सगळे वडीलधारे जमले असताना मी ते पत्र मोठ्याने वाचलं. माझी अक्षरं चौथीपर्यंतचीच, अडखळत वाचलं, पण एक शब्द गाळला नाही. बाबा फाकुनलेंनी तेव्हाच काठी मागितली. ऐंशीच्या वर वय त्यांचं, चालवत नाही, तरी ह्यांच्या पडवीपर्यंत आले आणि चटईवर, खाली, ह्यांच्या बरोबरीने बसले. म्हणाले, "फादाहुन्सी, गावाने तुझ्याबद्दल खोटं तोंडात धरलं. मीच पहिला बोललो होतो." ह्यांनी "ताडी घ्याल का बाबा?" असं विचारलं. दोघं प्यायले. येणाजाणारे थांबून बघत होते, आणि मला वाटलं, बघा, नीट बघा.

नव्या घोडेस्वाराचं काम तुझ्याकडून काढून घेतलंय. ओसीहून कुणी कारागीर येणार आहे. कोला परत पाठव, सुरकुतला असला तरी. एक बोकडही मागितलाय तुझ्याकडून, पूर्वजांसाठी. त्यावर मी एक शब्द बोलले नाही.

एजिदेचा तपास केला. त्या वेळी मी भर बाजारात तिचं तेलाचं भांडं लाथाडलं होतं, तुझ्या लक्षात असेल, तू तिथेच होतास. ती आकुरेला भावाकडे गेली होती, तिथेच वारली असं कळलं. तिच्या भावजयीला भेटायला मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. काय बोलणार ते माहीत नाही. तू माझ्याबरोबर येशील.

तुला मी क्षमा केली असं लिहिणार नाही, कारण केलेली नाही. मी एकतीस वर्षांची होते, आदुके चार वर्षांची. अजून तीन मुलं झाली असती, कदाचित चार. नावं मी मनात धरून ठेवली होती. तू एवढा मोठा कारागीर झालास, ती मुलं कुठल्या लाकडात कोरता येतात का ते बघ.

मला तुझा राग आहे आणि त्यांचाही आहे. तुम्ही दोघांनी मिळून माझं भलं केलंत, आणि मला कुणी विचारलं नाही.

मी माझी भांडी त्यांच्या घरी हलवली आहेत. पहिले दोन दिवस आम्ही परक्यासारखं बोललो. त्यांना आता डाव्या कुशीवर झोपता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी रोज तेल चोळते. काल ते म्हणाले, "तुझा हात जड झालाय." मी म्हटलं, "वय झालंय." त्यावर हसले. त्यांचे समोरचे दोन दात पडलेत. तू म्हणतोस तुमची माणसं नेहमी भर उमेदीतली. मलाही भर उमेदीतला नवरा मिळाला असता, आता मी हा घेतला आहे.

ते रोज विचारतात, ओनावुमी कधी येतोय. तू दारात उभा राहिलास की मी काय करेन ते मला आज सांगता येत नाही. कदाचित दार लावून घेईन. लावलं तर बाहेर थांब.

आपलं घर आता रिकामं आहे, किल्ली शेजारी ठेवली आहे. मुलांना घेऊन ये.

फादाहुन्सीची बायको,
इबिदुन