उजव्या खांद्यावरचं कापड

प्रिय अभय,
सप्रेम जय भीम.

शनिवारी स्नेहलला न्यायला येतोयस असं तू फोनवर म्हणालास. म्हणालास कसलं, हुकूमच सोडलास. माझं ऐकायच्या आत फोन ठेवलास, म्हणून हे कागदावर. खालच्या घरचा भागोजी उद्याच्या एसटीने मुंबईला निघालाय, त्याच्या हाती देते. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर.

इकडे देवरूखला थंडी पडायला लागलीय. मी मोठी गोधडी शिवायला घेतलीय, दोघांनी पांघरून वर उरेल एवढी. स्नेहल आली त्या दिवसापासून आम्ही दोघी तुकडे जोडत बसतो. लहानपणी तू माझ्या गोधड्यांची चेष्टा करायचास, यातल्या एकाही रंगाचं दुसऱ्याशी पटत नाही म्हणायचास. तुझ्या बायकोचा हात मात्र सुबक आहे. तिचे चौकोन कोपऱ्याला कोपरा लागून बसतात, माझे आपले पळतात. पण पोर बोलत नाही रे. भांडं पडलं तरी दचकते. फोन वाजला की तिची सुई थांबते, आणि तुझा नसला तरच पुढे चालते. शेजारची कमळा रोज कुंपणावरून विचारते, "काय गो प्रभा, सून हकडंच ऱ्हायली ती?" मी तिला सांगितलंय, माझे गुडघे धरलेत म्हणून मीच ठेवून घेतली. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

स्नेहलने माझ्यापाशी तुझी कागाळी केलेली नाही, हे आधी नीट समजून घे. तिचा राग राग करू नकोस. दंडावरच्या डागाबद्दल मी विचारलं तर दार लागलं म्हणाली. मला कळलं ते कपड्यांवरून. गोधडीसाठी तिने बॅगेतून जुने कपडे काढून दिले, एक ब्लाउज, एक पंजाबी ड्रेस आणि एक गाऊन. जुने कसले, त्यांचा रंगही उतरला नव्हता. माझा जन्म चिंध्यांत गेला. कापड अंगावर जुनं झालं की काखेत विरतं, कोपरावर विरतं, शिवण उसवते. इथे शिवण शाबूत आणि शेजारचं चांगलं कापड टरकन फाटलेलं, वरून खाली. तिन्ही कपडे फाटलेत ते उजव्या खांद्यावरच.

मी तो गाऊन खुंटीला टांगला आणि समोर उभी राहून उजवा हात पुढे केला. तो पडला डाव्या खांद्यावर. मग डावा हात पुढे केला.

डावखुरा तू. शाळेत बाई तुझ्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या, तेव्हा मी कामावरून तशीच शाळेत भांडायला गेले होते. माझं पोर याच हाताने लिहील, कुणी हात लावायचा नाही म्हणाले होते. परवा मी तो गाऊन खुंटीवरून काढून घडी करून ठेवला. पोटच्या पोराची एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि तुझी काळजीही वाटत होती, त्याचा मला जास्तच राग आला. स्नेहलला मी काही विचारलं नाही. ते तिन्ही कपडे कापायच्या ढिगातून बाजूला काढले, एवढंच. तिने ते पाहिलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. किती वेळ रडली काय सांगू तुला. मी चुकत असेन तर तसं कळव. पण तू कळवणार नाहीस, मी ओळखते तुला.

तेव्हा शनिवारी येऊ नकोस. आलास तर जेवू घालीन, उपाशी परत धाडणार नाही. पण स्नेहलला तुझ्याबरोबर यायचं नाही, आणि तिला ओढून न्यायचं तर मध्ये मी आहे. पोलीस ठाण्यात जायचं की नाही, ते ती ठरवेल. मी तिला जा म्हणणार नाही आणि थांबही म्हणणार नाही. ती निघाली, तर हे तिन्ही कपडे पिशवीत घालून मी तिच्यासोबत जाईन. तिथे साहेबांनी विचारलं, की बाई, तुम्ही मुलीच्या कोण, तर मी सांगेन, मुलीची कुणी नाही, मी त्याची आई.

तुझीच,
आई