विड्रॉलवर सही मिळणार नाही

सोमवार, ४ सप्टेंबर

नवं सेमिस्टर. तर्कशास्त्राचा वर्ग, दुसरा मजला. फळ्याच्या वर क्रॉस, फळ्याच्या खाली मी. पहिल्याच तासाला नियम वाचून दाखवले. उशिरा आलेला तो गैरहजर. तीन गैरहजेऱ्या म्हणजे एक ग्रेड खाली. ‘ए’ हवा असेल तर त्र्याण्णवच्या वर मार्क लागतात, आणि त्र्याण्णवच्या वर मी आजवर कुणाला जाऊ दिलेलं नाही. वर्ग चिडीचूप. भारावून गेले सगळे.

संकल्प: या वर्षी कुणाचेही लाड नाहीत. लाड करायला शेजारच्या खोलीत इतिहासवाला बसलाय. त्याच्या वर्गातून हसण्याचे आवाज येतात. इतिहासात हसण्यासारखं काय असतं, हे त्यालाच ठाऊक.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लेकीलाही याच वर्गात घातलंय. दुसऱ्या वर्षाला आहे, जीवशास्त्र. पाच विषय तिने स्वतः निवडले होते. सहावा, म्हणजे माझा, मी घ्यायला लावला. सहा विषयांच्या लोडला डीनची परवानगी लागते. डीन म्हणजे फादर. त्यांनी तिला विचारलं की हा विषय तुला स्वतःला हवाय का. मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं. मी पुन्हा हो म्हणालो. भला माणूस आहे, पण एकदा सांगून त्यांना कळत नाही.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

विषय बदलायचा आठवडा संपला. जवळजवळ अर्धा वर्ग गेला. गाळ आपोआप निघून गेला, बरं झालं. आता राहिले ते अस्सल.

शिपाई माझ्या वर्गातल्या रिकाम्या खुर्च्या इतिहासवाल्याकडे नेत होता. मी अडवलं. तो म्हणाला, तिकडे मुलं उभी आहेत. मी म्हणालो, उभं राहिल्याने पाठ ताठ राहते. खुर्च्या गेल्याच.

लेकीला वर्गात नावाने हाक मारत नाही. रोल नंबर एकवीस. पक्षपाताचा आरोप नको. जेवताना गंमत म्हणून म्हटलं, रोल नंबर एकवीस, मीठ दे. लेकीने मीठ दिलं. बायको हसली नाही. हिला विनोद समजावून सांगावा लागतो. सांगितला. तरी नाही.

गुरुवार, १४ सप्टेंबर

चॅपल. हजेरी सक्तीची, शिक्षकांनाही. फादर क्षमेवर बोलले. विषय वाईट नाही, पण त्याला मार्किंग स्कीम हवी. कुणाला किती क्षमा, कुठल्या तारखेपर्यंत, काहीच स्पष्ट नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघून बोलत होते. म्हणजे मी निदान ऐकतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. बाकीचे पेंगत होते.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

पहिल्या टेस्टचा निकाल. सर्वांत वरचा ग्रेड ‘सी’. समाधान वाटलं. पेपर कसदार होता याचा दुसरा पुरावा काय हवा?

चष्मेवाला म्हणून एक उंच पोरगा आहे. त्याने उभं राहून सांगितलं की चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकलंय. मी त्याला खाली बसवलं. घरी येऊन तपासलं. तो बरोबर होता असं म्हणता येईल. पण टोन चुकला होता. टोनचे मार्क कापले.

लेकीचंही चौथ्याचं उत्तर त्याच्यासारखंच. तिचेही कापले. वर दोन आणखी कापले, माझी मुलगी म्हणून. उद्या कुणी बोट दाखवायला नको.

मंगळवार, २६ सप्टेंबर

ही म्हणते, लेक मंगळवारी नाश्ता करत नाही. मंगळवारी माझा तास सकाळी पहिलाच असतो. रिकाम्या पोटी डोकं चांगलं चालतं, हे मीच एकदा तिला सांगितलं होतं. म्हणजे पोरगी ऐकते. वरवर दाखवत नाही इतकंच.

तिचं घरात बोलणं कमी झालंय. विचार करायला लागली असणार. विषय भिनतोय.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

माझ्या खोलीबाहेर मुलांची रांग. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शंका विचारायला आले म्हणून मी पॅसेजमध्ये बाक लावून घेतला, खडू मागवला. पहिल्या मुलीने विड्रॉलचा कागद पुढे केला. दुसऱ्यानेही. सगळ्यांनीच.

नियम असा की वीस ऑक्टोबरपर्यंत विषय सोडला तर मार्कशीटवर फक्त ‘डब्ल्यू’ येतो, सरासरीला धक्का लागत नाही. त्यानंतर सोडला तर सरळ ‘एफ’. म्हणजे पळून जायला विद्यापीठानेच मागचं दार उघडं ठेवलंय. मात्र कागदावर शिक्षकाची सही लागते. तो शिक्षक मी आहे.

एकालाही सही दिली नाही. पोरांना संकटाशी दोन हात करायला शिकवलं पाहिजे. एक मुलगी रडायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं. मनाने कठोर राहणं सोपं नसतं, पण मला जमतं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

दारावर पाटी लावली: विड्रॉलवर सही मिळणार नाही. कुणीतरी खाली पेन्सिलने लिहिलं, मार्कही मिळणार नाहीत. अक्षर चष्मेवाल्याचं वाटतं. शुद्धलेखन बरोबर होतं, म्हणून पुसलं नाही.

इतिहासवाला चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, सर, देऊन टाका सह्या, पोरं मेटाकुटीला आली आहेत. मी म्हणालो, तुमच्याकडे ‘ए’ ग्रेड पत्रकांसारखे वाटतात. तो कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. वाद घालायची ताकद नाही.

सोमवार, १६ ऑक्टोबर

रजिस्ट्रारबाईंनी बोलावलं. या बाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही. त्या नियम वाचतात, मी नियमाचा अर्थ लावतो. त्यांनी कलम वाचलं: शिक्षकाने सही नाकारली किंवा तो भेटला नाही, तर डीनची सही चालेल. मी विचारलं, हे कलम कुठल्या मूर्खाने घातलं. बाई म्हणाल्या, त्या कमिटीचे अध्यक्ष तुम्ही होतात. सूचनाही तुमचीच होती.

त्या वेळची परिस्थिती वेगळी होती. त्या वेळी दुसरे शिक्षक सही नाकारायचे.

बाहेर पडताना बाईंची कारकून तोंडाला रुमाल लावून बसली होती. सर्दी असावी.

बुधवार, १८ ऑक्टोबर

फादरना भेटलो. मागणी केली की ‘डब्ल्यू’ बंद करा, सोडणाऱ्याला तिथल्या तिथे ‘एफ’ द्या. फादरनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमच्या वर्गात आता किती उरलेत. मी म्हणालो, संख्या महत्त्वाची नाही. ते म्हणाले, वर्ग चालू ठेवायला निदान आठ लागतात. मी म्हणालो, आठ तर सहज राहतील. मग त्यांनी हळूच विचारलं, मुलगी कशी आहे. मी म्हणालो, उत्तम. त्यांनी समोरची फाइल मिटली. त्यांना पुढचा मुद्दा सुचला नसावा. ही बैठक मी जिंकली.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

विड्रॉलचा शेवटचा दिवस. सकाळी स्वयंपाकघरात लेक उभी होती, बॅग खांद्याला. म्हणाली, बाबा, तुमच्या वर्गातून नाव काढतेय. फादरनी सही केलीय. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगतेय.

मी म्हणालो, तरी वाटलंच होतं, सहा विषय तुला झेपणार नाहीत. ती म्हणाली, सहा झेपतात, हा एक झेपत नाही. चिडून म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. मंगळवारी सकाळी तिला उलटी होते म्हणे. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही. ही ओट्याकडे तोंड करून म्हणाली, दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, रिकाम्या पोटी डोकं चालतं.

लेक म्हणाली, वर्गात तुम्ही कधी माझं नाव घेतलं नाहीत. मी म्हणालो, ते तुझ्याच भल्यासाठी होतं. ती बरं म्हणाली आणि गेली. हीही आत गेली.

दुपारी तास घेतला. हजेरीत सवयीने एकवीस नंबर पुकारला. बाकी सगळे फादरची सही घेऊन गेले होते, वर्गात फक्त चष्मेवाला होता. तो म्हणाला, सर, त्या गेल्या. मी त्याला विचारलं, तू का थांबलास. तो म्हणाला, चौथ्या प्रश्नाचे मार्क अजून मिळायचे आहेत.

सोमवार, २३ ऑक्टोबर

वर्ग रद्द. रजिस्ट्रारबाईंचा फोन. चष्मेवाल्याला हा विषय कुठल्याही शिक्षकाकडे एकट्याने पुरा करायची मुभा दिली. त्याने इतिहासवाल्याला निवडलं. इतिहासवाल्याने बीएला तर्कशास्त्र घेतलं होतं म्हणे. मला कधी बोलला नाही. आतल्या गाठीचा माणूस.

चौथ्या प्रश्नाचे मार्क दिले. कागदपत्रं पुढे जाणार होती, गचाळ दिसायला नकोत. लेकीचेही दिले, आणि ते जादा कापलेले दोनही. आता त्यांचा काही उपयोग नाही.

सोमवार, ३० ऑक्टोबर

वर्ग गेला म्हणून माझा लोड कमी भरतो. फादरनी तो भरून काढायला नवा कोर्स दिला: अभ्यासाची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी. त्यात ग्रेड नाहीत. पास आणि नापासही नाही. फक्त आला, एवढंच लिहायचं. मी विचारलं, मग मी तिथे करायचं काय. फादर म्हणाले, त्यांची नावं पाठ करा.

त्याआधी मला स्वतःला ट्रेनिंग. शिकवणार रजिस्ट्रारबाई. आज पहिला तास झाला. समोरच्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायचं, असा सराव होता. माझी जोडी बाईंनी सरावासाठी बोलावलेल्या इतिहासवाल्याशी लावली. तो बोलला, मी ऐकलं. मग बाईंनी मला विचारलं, ते काय म्हणाले. मला सांगता आलं नाही. मी त्याच्या बोलण्यातल्या चुका मोजत होतो.

तासानंतर बाईंना विचारलं, यातून नाव काढता येईल का. त्या म्हणाल्या, नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

दुपारी लेक आणि ही स्वयंपाकघरात कशावर तरी हसत होत्या. मी आत गेलो तशा गप्प झाल्या. मी पाणी प्यायलो. पाणी प्यायला एवढा वेळ लागत नाही, पण उभा राहिलो.

मग लेकीने विचारलं, बाबा, चहा टाकतेय, तुम्हाला हवाय का. दोन आठवड्यांत ती स्वतःहून पहिल्यांदाच बोलली. मला तिचं नाव घेऊन उत्तर द्यायचं होतं. तयारीही केली होती मनात. पण नुसतं हो म्हणालो.

ती म्हणाली, बरं. चहा दिला. आपला कप घेऊन खोलीत गेली. दार लावलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही. की मला ऐकू आला नाही, कोण जाणे.