मायची हातोडी

मकराणा, राजस्थान

माय,

पाया पडतो. मनिषा, हे मायला सावकाश वाचून दाखव.

मी बरा हाय. इथं ज्वारीची भाकर मिळत न्हाई, पण पोट भरतंय. तोंडाला फडकं बांधूनच दगड घडवतो, तवा काळजी करू नको. अण्णांचा खोकला थांबला का?

इथला संगमरवर आपल्या काळ्या दगडावानी न्हाई. अण्णांच्या जड हातोड्यानं सरळ घाव घातला अन् पहिल्याच आठवड्यात नंदीचा कान उडवला. उस्ताद लई बोलला. मग आठवलं, चौसाळ्यात दारोदार झिजलेल्या जात्यांना टाकी लावताना तू छिन्नी तिरपी धरायचीस, हलक्या हातानं टकटक करत जायचीस. तसंच केलं. दुसऱ्या नंदीचे दोन्ही कान नीट उतरले.

निघताना तू तुझी लहान हातोडी देत होतीस. बायकांची हाय म्हणून मी हसलतो. आपल्या गावचा प्रविण इकडं येणार हाय, त्याच्याजवळ दे.

उस्तादानं काल विचारलं, "हा हलका हात कुणी शिकवला?" सवयीनं अण्णांचं नाव तोंडातून गेलं. आज कामाला बसायच्या आधी जाऊन तुझं सांगितलं.

मनिषा, एवढं अण्णांनाबी ऐकू दे.

तुझा,
सोमेश्वर