कालची हाय

मस्कत, शनिवार

प्रिय आईस,

एल्साचा नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? माशांची पाटी उचलायला लेस्ली येतो ना?

गुरुवारी हॉटेलच्या स्वयंपाकघरात शेफनी सुरमईच्या खोक्यांवर त्याच दिवसाची तारीख लिहायला सांगितली. सुरमई आदल्या दिवशीची होती. माझ्या तोंडून निघालं, "कालची हाय." भाईंदरच्या बाजारात गिऱ्हाइकानं विचारायच्या आत तू सांगतेस, अगदी तसंच. कुणाला कळलं नाही, म्हणून हिंदीत सांगितलं.

"मच्छीवाली है क्या तू?" शेफ म्हणाले.

"मच्छीवाली की बेटी हूँ."

तारीख मी खरीच लिहिली. माझा करार वाढवणार की नाही, ते सोमवारी सांगतील. तू काळजी करू नकोस. त्या गुरुवारी मी दोनदा भात घेऊन जेवले.

तुझीच मुलगी,
एल्सा