उत्तराखालची ओळ

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आज लिहू, उद्या लिहू म्हणत टाळलं. मध्ये खोलीही बदलली; इथला घरमालक ठार बहिरा आणि त्याची मांजर माझ्याच उशीवर झोपते. ते जाऊ दे. तू लिहिलंस, 'माझ्या पोरीला तूच बिघडवलंस, आता तूच निस्तर.' तर ऐक.

सुट्टीत चिमणी आमच्या पडद्यांच्या दुकानात आली होती. शाळेत पहिली येणारी भाची म्हणून मी मालकापुढे मिरवत होतो. गंमत म्हणून विचारलं, अर्ध्याला पावाने भागलं तर किती? माझं वाक्य संपायच्या आत म्हणाली, 'दोन! मामा, काहीतरी अवघड विचार की.' म्हटलं, मग कापडावर करून दाखव. तिने अर्ध्या मीटरचा तुकडा घेतला, सरळ कात्री चालवली आणि त्याचे चार तुकडे केले. मग बघतच राहिली. अर्ध्या मीटरमधून पाव मीटरचे दोन तुकडे निघतात, एवढंच ते गणित. पण तिला ते कुणी कधी दाखवलंच नव्हतं. मालक कापडासाठी ओरडतोय आणि ही विचारतेय, 'मग आपण दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणतो ते का?' मी म्हटलं, मला नको विचारूस बाई, मी भिंतीकडे तोंड करून शिकलोय.

आठवतं ना? बाबांच्या क्लासमध्ये 'का' विचारलं की भिंतीकडे तोंड. मागून सगळी पोरं एका सुरात, 'उलटा, गुणा, पुढे चला!' त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा मला पाठ आहे. तू पहिल्या बाकावर, आणि पुढे परीक्षेत पहिली आलीस म्हणून फळ्याच्या वर तुझा फोटो. एकदा जेवताना तुला हळूच विचारलं, तर म्हणालीस, 'मलाही कळत नाही रे, पण मार्क मिळतात.' आता त्याच फळ्यापुढे तूच शिकवतेस. छान चाललंय.

आणि चिमणीने सराव परीक्षेत असं केलं तरी काय? सगळी उत्तरं बरोबर लिहिली आणि प्रत्येकाखाली एक ओळ: 'हे असं का, ते मला माहीत नाही.' खऱ्या परीक्षेतही लिहीन म्हणते, तर तुमच्या पायाखालची जमीन सरकली. तुझ्या फोटोशेजारी तिच्या फोटोसाठी खिळा ठोकून तयार असेल ना! ती ओळ लिहू नकोस असं मी तिला सांगावं, एवढ्यासाठी तू इतक्या वर्षांनी भावाला पत्र लिहिलंस.

नाही सांगणार, ताई. हेच कळवायला बसलो होतो. आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी खरं उत्तर लिहिलंय, ते मी खोडायला लावू?

थांब, दार वाजतंय.

बाबा आलेत. माझ्या दारात, बाबा! दुकानात नवा पत्ता विचारून आलेत, जिना चढून धापा टाकतायत. म्हणाले, 'तू तरी समजाव तिला. मला म्हणते, आजोबा, आधी का ते सांगा, मग नाही लिहीत.' मी म्हटलं, 'मग सांगा की.' त्याला आता बराच वेळ झाला. मी आत या म्हटलेलं नाही आणि ते गेलेलेही नाहीत. उंबऱ्यात उभे आहेत, भिंतीकडे तोंड करून.

तुझाच,
धाकटा