हिंगोलीतली अकरा ठिकाणं, आणि त्यातलं सातवं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
संकल्प : रोज एक ठिकाण प्रत्यक्ष पाहायचं, मगच लिहायचं. पुण्याच्या एका ट्रॅव्हल वेबसाइटला हिंगोली जिल्ह्यासाठी कायमचा लेखक हवा आहे. त्यांना अजून माहीत नाही, पण तो मीच. कनेरगाव नाक्यावर झेरॉक्सचं दुकान असलं म्हणून काय झालं?

४ फेब्रुवारी
गेलो नाही. थंडी.

६ फेब्रुवारी, सायं. ५
लिस्ट पूर्ण, वेबसाइटला पाठवलीही. 'जिज्ञासू प्रवाशांसाठी हिंगोलीतली ११ ठिकाणं : एका दिवसात, मिनिटांसह.' चार मी पाहिली आहेत, सात सॅटेलाइटवर. प्रवासी खालून बघतो, मी वरून बघितलं. अभ्यास कोणाचा जास्त?

सातवा नंबर हुकमी : साखऱ्याचा मेंढ्यांचा कळप. सूर्यास्त ६.१०, वेळ २० मिनिटं. कळप माझ्या सासऱ्यांचा, मसाजींचा. दिवाळीला वसराम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसला होता, तिथंच पिन टाकली. माझी बायको मोहिनी म्हणाली, आबांना एक फोन करून विचारा. लेखकानं सासऱ्याला विचारून लिहायचं म्हणजे झालंच.

९ फेब्रुवारी
मेल आला!! संपादक अंजली मॅडम शनिवारी स्वतः येणार, माझी लिस्ट घेऊन फिरणार. पसंत पडली तर दर महिन्याला सदर, वर माझा फोटो. मोहिनीला सांगून टाकलं, आता दुकान बंद. ती म्हणाली, लग्नाला सहा वर्षं झाली, मला तरी कुठं नेलं तुमी. विषयांतर.

१४ फेब्रुवारी
आज साखऱ्याला जाणारच होतो. पण व्हिजिटिंग कार्डं छापायची होती. शिवाय शर्टाची इस्त्री. ठिकाणं काय पळून जातात?

१५ फेब्रुवारी, दु. २
वेळापत्रक थोडं मागे. दोष ड्रायव्हरचा. नकाशावर वारंगा फाटा ते साखरा बोटभर अंतर आहे. तीन ठिकाणं मॅडमना चालत्या गाडीतून दाखवली. मोहिनी हट्टानं सोबत आली आहे. माहेर लागतं म्हणे वाटेत.

त्याच दिवशी, सायं. ७
पिनवर बराबर पोहोचलो, पाच मिनिटं आधीच. सूर्यास्त होता. मेंढ्या नव्हत्या. हरभरा होता, चांगला गुडघ्याएवढा. वसराम म्हणाला, मेंढ्या दोन रात्री बसल्या अन् गेल्या, त्याला झाले तीन महिने. मी मॅडमना समजावलं, ठिकाण बराबर आहे, फक्त आकर्षण हललं आहे.

मोहिनीनं एक फोन लावला आणि ड्रायव्हरला ओढ्याकाठची वाट धरायला सांगितली. दहा मिनिटांत कळप समोर. सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, "जावईबापू, मेंढ्या काय देऊळ हाय का, एका जागी ऱ्हायला? ज्याच्या रानाला खत पाह्यजे, त्याच्याकडं जातेत."

फार लागलं. इथं लिहितो, बाहेर बोलणार नाही. मोहिनी मॅडमना मेंढ्यांची नावं सांगत बसली, कोणती लंगडते, कोणती कोणाची लेक. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. बसायला खाली माझी लिस्ट घेतली होती.

१८ फेब्रुवारी
मेल नाही. मोठे निर्णय घ्यायला वेळ लागतो.

२० फेब्रुवारी
सदर मोहिनीला दिलं. फोटोही तिचाच. मला एक ओळ : 'लिस्टबद्दल आभार.' हा अन्याय आहे आणि मी तो मान्य करत नाही. तिला टायपिंग येत नाही. येईल माझ्याकडेच.

२१ फेब्रुवारी
ती मोबाइलमध्ये बोलते, तो आपोआप टाइप करतो.

२२ फेब्रुवारी, सकाळी ७
मोहिनी पहिल्या लेखासाठी निघाली. मैत्रिणीची स्कूटी आणली आहे. मी स्पष्ट सांगितलं, माझ्याशिवाय लेख होणार नाही, जिल्हा मला पाठ आहे. तिनं स्कूटी चालू केली आणि मागच्या सीटवरची धूळ पुसली.

"या मग," म्हणाली. "सांगा, कोणीकडं घेऊ?"

मोबाइलवर नकाशा उघडला, बंद केला. मग मुकाट्यानं मागं बसलो.