उलटी फेरी

३ नोव्हेंबर
नवापूर आवडलं. कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्या हॅचरीच्या ऑफिसात नोकरी, दोन खोल्या, आणि सासरचं कुणी नाही. अजून काय हवं? आज लेकीला, अलिशाला, गाव दाखवलं. स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. पोरगी एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून खो खो हसली. मग रंगावलीवरचा पूल, आणि शेवटी स्टेशनाजवळची बाग. फाटकाशी जमनाबाईंची भाजक्या मक्याची गाडी, मधे झोपाळे, भोवती गोल पायवाट. संध्याकाळी अलिशा खेळेल, मी इथल्या बाकावर बसून लिहीन.

६ नोव्हेंबर
बागेत गंमतच आहे. सगळे एकाच दिशेनं फिरतात. प्रदक्षिणेची सवय म्हणावं, तर नमाजाहून येणारे शब्बीरचाचाही तसेच. मी मुद्दाम उलटी फिरले. समोरून येणारे माना खाली घालून बाजूला झाले. निवृत्त मास्तर दोधूअप्पा जाता जाता हळूच म्हणाले, "बेन, उलटी फिरू नको. त्याले तोंड दावू नको." कुणाला, ते सांगेनात.

अशी चाल, तशी चालू नकोस, हे ऐकून कान किटले म्हणून तर नवऱ्याचं घर सोडलं. आता बागेतही ऐकून घेऊ? उद्याही उलटीच फिरणार.

९ नोव्हेंबर
आज पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा लांबच्या वळणावरून माझ्या दिशेनं येत होता. गोल वाटेवर समोरासमोर चालणारी माणसं भेटायलाच हवीत. आम्ही भेटलो नाही. दर फेरीला तो फक्त थोडा जवळ दिसला. चेहरा काही नीट दिसेना.

१२ नोव्हेंबर
दोधूअप्पांना खनपटीलाच बसले, तेव्हा बोलले. तो म्हातारा या वाटेवर कायम असतो म्हणे. सगळे त्याच्याच दिशेनं फिरले की तो पाठीमागे राहतो, कुणाच्या समोर येत नाही. रेल्वेतला नवलसिंग पैजेवर उलटा फिरला. मग म्हातारा त्याला गावभर समोरून येताना दिसायचा, रोज थोडा जवळ. भेट झाली त्या दिवशी वाटेवर नवलसिंगाच्या नुसत्या चपला राहिल्या.

मी हसले. घरी जाताना रंगावलीच्या पुलावर तो समोरून येत होता.

१४ नोव्हेंबर
काल बागेत गेले नाही. तो शाळेच्या गल्लीत दिसला. आज हॅचरीच्या दारात. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण गाव सोडणार नाही. गाव सोडून तरी काय, तो तिथंही समोरूनच येईल.

१५ नोव्हेंबर
अलिशानं आज सांगितलं. मी लिहीत बसले की तीही उलटी पळायची, अम्मीसारखी. पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा तिलाही दिसतात. आज शाळेबाहेर त्यांनी हात पुढे केला होता —

माझ्या हट्टापायी माझी पोर. नाही. हे मी होऊ देणार नाही. त्याला कुणीतरी हवंच असेल तर मी आहे. उद्या मीच त्याला गाठते.

१६ नोव्हेंबर
बागेत. अलिशाला घरी एकटी ठेवायची छाती झाली नाही. फाटकाशी जमनाबाईंजवळ बसवलं, पदर सोडू नकोस म्हटलं.

उलटी निघाले. तो आला. जवळ, अगदी हातभर. चेहऱ्याच्या जागी नुसती कातडी. मी मोठ्यानं म्हणाले, "ये. मी बाजूला होणार नाही."

तो थांबला. आणि वळला! पाठ फिरवून चालू लागला. या बागेत त्याची पाठ कुणी पाहिली असेल? मी पाहिली. हे लिहायला लगेच बाकावर बसले आहे. हसू येतंय. जा, म्हणावं —

चालला. लांब गेला. समोरून येणारे माना खाली घालून वाटेखाली उतरतायत —

वाट गोल आहे. तिकडून पुढे फाटक.

जमनाबाई गिऱ्हाइकाला मका देतायत. अलिशा त्यांच्याजवळ नाही — वाटेवर आहे — मला शोधत निघालीय, शहाण्यासारखी, सगळे फिरतात त्या दिशेनं — आणि तो आता उलटा, तिच्या समोरून —

हाक पोचत नाही. धावते. अलिशा, वळ, मागे व